लिबर्टेरियन म्हणजे 'कडवे लिबरल' नव्हेत

अमेरिकेतली निवडणूक जवळ आली की एक वाक्य हमखास फिरू लागतं: 'लिबर्टेरियन म्हणजे लिबरलच, फक्त जास्त कडवे.' हे साफ चूक आहे.

अमेरिकेत आज लिबरल म्हणजे साधारणपणे डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेला माणूस. १९३० च्या दशकातल्या मंदीत अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आणलेल्या 'न्यू डील' या सरकारी योजनांपासून या मंडळींची धारणा अशी, की बाजाराला मोकाट सोडू नये. १९३५ चा सोशल सिक्युरिटी (म्हणजे सरकारी पेन्शनचा) कायदा आणि ओबामांचा २०१० चा आरोग्यविमा कायदा त्यातूनच आले. लिबर्टेरियनांना नेमकं हेच नको असतं. कर कमीत कमी, सरकार लहान आणि बंदुकीवर बंधनं नकोत, ही त्यांची भूमिका.

मग घोटाळा कुठे होतो? समलिंगी विवाहाला मान्यता, गांजावरची बंदी उठवणं असे विषय निघाले की दोघे एकाच बाजूला दिसतात. पण कारणं वेगळी. भेदभाव करणाऱ्या दुकानदाराला कायद्याने रोखा, असं लिबरल म्हणेल. दुकान त्याचं, सरकारने मध्ये पडू नये, असं बरेच लिबर्टेरियन म्हणतील.

म्हणून ते छुपे रिपब्लिकन ठरतात का? तसंही नाही. रॉन पॉल १९८८ मध्ये लिबर्टेरियन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि पुढे रिपब्लिकन खासदार झाले, हे खरं. पण मे २०२४ मध्ये ट्रम्प या पक्षाच्या अधिवेशनात बोलायला गेले, तेव्हा तिथे त्यांची चांगलीच हुर्यो उडवली गेली. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाची ताकद मात्र बेताचीच: २०१६ मध्ये त्याचे अध्यक्षपदाचे उमेदवार गॅरी जॉन्सन यांना सुमारे ४५ लाख, म्हणजे तीन टक्क्यांहून थोडी जास्त मतं मिळाली.