मीठ आदल्या रात्रीच लावा

रश्श्याला मीठ बरोबर, पण मटणाचा तुकडा तोडला की आतून अळणी. माझ्याकडे कित्येक वर्षं हेच व्हायचं आणि मी दर वेळी मसाला वाढवत राहायचे. मसाल्याचा काही दोष नव्हता. मीठ उशिरा पडत होतं.

मीठ लावल्यावर थोड्याच वेळात मांसाला पाणी सुटतं. ते पाणी बघूनच "आधी मीठ लावलं तर मटण कोरडं होतं" हा समज पसरला असावा. पण जरा धीर धरा. सुटलेल्या पाण्यात मीठ विरघळतं आणि साधारण पाऊण तासाने ते खारं पाणी पुन्हा आत जिरायला लागतं. आत पोचलेलं मीठ प्रथिनांची घट्ट वीण सैल करतं, त्यामुळे शिजताना मांस कमी आक्रसतं आणि रस आतच राहतो. हळद, तिखट, आलं-लसूण रात्रभर मुरवलं तरी त्यांची चव वरच्या थरातच राहते. खोलवर जातं ते मीठच.

म्हणून तव्यावर भाजायचं असेल तर मीठ एकतर पाऊण तास आधी लावा, नाहीतर थेट तव्यावर टाकताना. मधली वेळ सगळ्यात वाईट! वीस मिनिटांनी मांस वरून ओलं असतं. ते पाणी उडेपर्यंत वरचा थर 100 अंशांच्या पुढे तापत नाही, आणि खरपूस रंगाला 140च्या आसपास लागतात. मग मांस भाजलं न जाता वाफवलं जातं.

अख्खी कोंबडी असेल तर रात्रभर मीठ लावून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात उघडी ठेवा, म्हणजे कातडी सुकते आणि भाजल्यावर कुरकुरीत होते. मासळीच्या पातळ तुकड्यांना मात्र पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

प्रमाणाला मी वजनकाटाच वापरते: बिनहाडाच्या 1 किलोला 10 ते 12 ग्रॅम. बारीक मिठाचे सपाट दोन छोटे चमचे साधारण तेवढेच भरतात, पण जाड मिठाच्या चमच्यात वजन कमी बसतं, तिथे अंदाज चुकतो. आणि हो, नंतर रश्श्यात मीठ घालताना हे आधीचं मीठ धरून चाला.

खिम्याच्या टिक्कीला यातलं काहीच लागू नाही. खिम्यात मीठ कालवून ठेवलं की प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि टिक्की रबरासारखी होते. तिला आकार देऊन घ्या आणि तव्यावर सोडताना वरून मीठ भुरभुरा.