कोळशाचा ढीग उघडाच शोभतो

कोकणात बंदर मिळालं म्हणजे तुमचं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे जहाजातला माल काढून किनाऱ्यावर ओतायचा. जयगडला कोळसा उतरतो, रेडीहून लोहखनिज वर्षानुवर्षं जहाजांत चढत आलं. तुमच्या वाट्याला काय येईल ते येवो, ठेवायचं मात्र उघड्यावर. छपराला पैसे पडतात, आभाळ फुकट आहे.

ढीग उंच रचा. बुटका, लांबट ढीग करून त्याची निमुळती बाजू वाऱ्याकडे ठेवली तर भुकटी कमी उडते, असं एखादा इंजिनिअर सांगायला येईल. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. ढिगाच्या माथ्यावर वारा सपाटीपेक्षा जोरात वाहतो आणि तिथली बारीक भुकटी आधी उचलतो, हे खरं आहे. पण भुकटी गावात गेली म्हणजे तुमच्याकडे उरला तो निवडक माल, हा विचार कोणी करत नाही. माल वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्याचं तोंड खाली आणून माल अलगद सोडायचीही गरज नाही. उंचावरून पडणाऱ्या कोळशाला एक वैभव असतं.

आता पाण्याचं. यात खरी अक्कल लागते. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होतेत, ते इथे कामाला येतात. दुपारी जमीन तापली की दर्यावरून खारा वारा सुटतो आणि ढिगावरून थेट वाडीत शिरतो. रात्री मतलई वारा उलट फिरतो. म्हणून स्प्रिंकलर सकाळी आठला सुरू करा, वारा पडलेला असताना. तुषार छान दिसतात, फोटोही चांगला येतो. दुपारी दोनपर्यंत वरचा थर उन्हाने खडखडीत वाळतो. तेव्हा पंप बंद, कारण पंपवाला जेवायला गेलेला असतो. नुसतं पाणी कोळशावरून ओघळून जातं, भुकटी भिजायला त्यात साबणाच्या जातीचं काहीतरी मिसळावं लागतं, ही बातमी खरेदी खात्याच्या कानावर जाऊ देऊ नका. कोणी फारच खनपटीला बसलं तर सांगा, ओल वाढली की कोळशाची उष्णता घटते आणि ग्राहक पैसे कापतो. हे खरंच असल्यामुळे सांगताना नजर चुकवावी लागत नाही.

ट्रकवर ताडपत्री हवीच. ती मालावर पसरलेली असावी, असं मात्र नाही. घडी करून केबिनच्या टपावर बांधली तरी ताडपत्री ती ताडपत्रीच. गेटापाशी चाकं धुवायची टाकी बांधा. तीत पाणी नसलं की एप्रिलात भटकी कुत्री गारव्याला येऊन निजतात, तेवढंच पुण्य. हरित पट्ट्यासाठी ५ जूनला सुरूची रोपं लावा. पुढचं बकऱ्या बघतील.

मोजमापाला घाबरू नका. २००९ च्या मानकांनुसार हवेतले दहा मायक्रॉनपर्यंतचे कण २४ तासांच्या सरासरीने घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत हवेत. सरासरी ही फार मायाळू गोष्ट आहे. दुपारचे तीन तास वाडीच्या नाकात गेले, तरी रात्रीचा वारा आकडा धुऊन देतो. यंत्र ऑफिसच्या मागे, दर्याच्या अंगाला बसवलंत तर तेवढीही काळजी नको. मोजणी आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला किमान १०४ वेळा करायची. उरलेले दिवस तुमचे.

राहता राहिले लोक. एखादी काकू अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं घेऊन गेटावर येईल आणि "ह्यां काय ता तुमीच सांगा," म्हणून काळं झालेलं बोट तुमच्यापुढे धरेल. सोलं मुळात काळपटच असतात, असं तिला समजावा. आंबा बागायतदार जरा अवघड. पण तिथे तुडतुडे मदतीला येतात. मोहोरावर त्यांचा चिकटा पडला की त्यावर काळी बुरशी धरते. तेव्हा मोहोर काळा दिसला की दोष किड्याचा. उडालेली भुकटी त्याच चिकट्यावर जाऊन बसते, हे आपणहून सांगायचं कारण नाही. मात्र त्याने मोहोर बोटांत चोळून कचकच ऐकवायला सुरुवात केली, की तुम्हाला तातडीचा फोन यायला हवा. बुरशी कचकचत नाही.

पावसाळ्यात तर सगळंच सोपं. रत्नागिरीकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. धूळ उडायची बंद होते आणि ढिगाखालून काळं पाणी निघतं. ते आधी तळ्यात साठवून, गाळ बसवून मग सोडायचं असतं. तळं नकाशात काढलेलं आहेच. प्रत्यक्षात पऱ्या, म्हणजे ओढा, जवळ आहे, पऱ्यापुढे खाडी आणि खाडीत कालवं काढणाऱ्या बायका. त्यांची तक्रार मासेमारीच्या खात्याकडे जाते, तुमच्याकडे येत नाही.

आणि विस्तारासाठी जनसुनावणी घ्यायची झाली तर मे महिना टाळा. चाकरमानी गावी आलेले असतात, त्यांच्यातला एखादा पोटनियम वाचून येतो. जुलै धरा, ऐन लावणीत. माणसं चिखलात असतात, हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते आणि मांडवात तुमचेच कामगार बसवले की खुर्च्याही भरतात.