'जे' नव्हता म्हणून सीझरही नव्हता?

"इंग्रजीतलं 'जे' हे अक्षर जेमतेम 500 वर्षांचं आहे. म्हणजे त्याआधीची 'जे'ने सुरू होणारी नावं अस्तित्वातच नव्हती. जीझस, जेरुसलेम, ज्युपिटर, ज्युलियस सीझर, सगळं नंतर रचलेलं." या आशयाचा व्हिडिओ बरीच वर्षं फिरतोय. मी बघून सोडून देत असे. आता तो भाचीने पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, मग शाळेत आम्हाला खोटा इतिहास शिकवतात का गं?" मुलं इतिहासाचं पुस्तक बाजूला ठेवायला लागली असतील, तर उत्तर द्यायलाच हवं.

आधी जे खरं आहे ते नाइलाजाने मान्य करते. रोमन लोकांच्या 23 अक्षरांत 'जे' नव्हता. 'आय' हे एकच अक्षर ते 'इ' या स्वरासाठीही वापरत आणि 'य' या व्यंजनासाठीही. 1524 साली जान जॉर्जो त्रिस्सिनो या इटालियन विद्वानाने पोप सातवे क्लेमेंट यांना उद्देशून एक पत्र छापलं. इटालियन भाषेला जास्तीची अक्षरं हवीत, स्वराचा 'आय' आणि व्यंजनाचा 'जे' वेगळे लिहावेत, असं त्यात सुचवलं होतं. तेव्हा 500 वर्षांचा हिशेब साधारण बरोबर आहे. व्हिडिओतलं बरोबर एवढंच.

पण तेच पत्र व्हिडिओवाल्यांच्या अंगाशी येतं. वेगळं अक्षर हवं, असं त्रिस्सिनो का म्हणाला? उच्चार आधीपासून दोन होते आणि लिहायला अक्षर एक, म्हणून. तोंडात आवाजच नसता तर त्याला चिन्ह मागायची गरज काय होती? शिवाय ती आकृतीही त्याने शून्यातून काढलेली नाही. मध्ययुगीन लेखनिक रोमन आकड्यांत ओळीने 'आय' आले की शेवटच्याला शेपटी काढत. शेपटीचा 'आय' होताच, त्रिस्सिनोने त्याला वेगळं काम दिलं.

आता मुख्य तारे. अक्षर नाही म्हणून नाव नाही, आणि नाव नाही म्हणून माणूस नाही! सीझरचं नाव रोमन लोक आय-व्ही-एल-आय-व्ही-एस असं कोरत आणि साधारण 'यूलिउस' असं म्हणत. या स्पेलिंगमध्ये 'जे'बरोबर 'यू'ही नाही, कारण 'यू' आणि 'व्ही' ही तेव्हा वेगळी अक्षरं नव्हती. मग याच न्यायाने ऑगस्टसही बाद करायला हवा. तो व्हिडिओत का नाही? 'ग'साठीचं 'जी' हे अक्षरसुद्धा रोमन लोकांनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात 'सी'ला एक रेघ जोडून केलं. त्याआधीचे गायस नावाचे सगळे रोमन हवेत विरले म्हणायचे का?

व्हिडिओचा हुकमी पुरावा म्हणजे 1611 चं इंग्रजी बायबल. त्यात जीझस 'आय'ने छापलाय, आणि हे म्हणे मोठं रहस्य! मूळ छपाई ज्याला बघायची त्याने पहिली पानं उलटावीत. हे भाषांतर ज्या राजाच्या आज्ञेने झालं, त्या जेम्सला वाहिलेली अर्पणपत्रिका तिथे आहे. तिच्यात राजाचं स्वतःचं नावही 'आय'नेच छापलंय. राजा तेव्हा हयात होता, लंडनला गादीवर बसलेला होता. व्हिडिओच्या तर्काने न जन्मलेल्या राजाने पुस्तक करून घेतलं. यावर मी काय बोलू?

वाचणारे त्या 'आय'चा उच्चार 'ज'च करत होते. 'ज'चा आवाज इंग्रजीत फार जुना आहे. 'ब्रिज' या शब्दाच्या जुन्या इंग्रजी रूपात तो 'सीजी' या जोडीने लिहीत. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर त्यांच्या फ्रेंचमधून 'ज'ने सुरू होणाऱ्या शब्दांची रीघ लागली, पण ते लिहायचे 'आय'नेच. 1623 साली शेक्सपिअरची नाटकं एकत्र छापली गेली, त्यात ज्युलिएटही 'आय'चीच आहे. आणि 1755 च्या सॅम्युएल जॉन्सनच्या इंग्रजी शब्दकोशातही 'आय' आणि 'जे'चे शब्द एकाच रांगेत मिसळलेले आहेत. जुनी सवय सहजी सुटत नाही.

"जीझसचं खरं नाव दडवलं" हा आरोप तर अगदीच पोकळ. हिब्रूतलं 'येशुआ' ग्रीकमध्ये 'इएसूस' झालं, कारण ग्रीकांकडे 'श' नव्हता आणि पुरुषांच्या नावांना शेवटी 'स' लावायची त्यांची रीत. लॅटिनने ते तसंच उचललं. जर्मन लोक आज 'जे' लिहून 'य' म्हणतात, स्पॅनिश लोक त्याच अक्षराचा 'ह'च्या जवळचा उच्चार करतात. मराठी बायबलात तर 'येशू' आणि 'यरुशलेम' असंच छापलेलं असतं. दडवणाऱ्यांना आपलं पुस्तक सापडलं नसावं.

उरलेलं झटपट. "मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीत नसलेलं एकमेव अक्षर 'जे', कारण ते कृत्रिम आहे." एकमेव कसलं? 'क्यू'ही नाही. आणि 'जे' तिथे कधी नव्हता असंही नाही: जर्मनमध्ये आयोडीनला 'योड' म्हणतात, त्याची खूण बराच काळ 'जे' होती. मेंडेलीव्हच्या 1871 च्या सारणीतही आयोडीन 'जे'च आहे.

"वॉशिंग्टनमध्ये रस्त्यांना अक्षरांची नावं आहेत, पण 'जे' स्ट्रीट नाही, कारण शहराचा आराखडा करणाऱ्या लाँफाँचं न्यायमूर्ती जॉन जे यांच्याशी वैर होतं." ही दंतकथा या व्हिडिओपेक्षा पुष्कळ जुनी आहे. खरं कारण साधं आहे. अठराव्या शतकात 'आय' आणि 'जे' अजून एकमेकांच्या जागी वापरले जात, हस्ताक्षरात तर सारखेच दिसत. दोन रस्त्यांना ती नावं दिली असती तर पत्रं भलत्याच दारात गेली असती. अमेरिकी सैन्याच्या जुन्या रेजिमेंटांमध्येही 'आय' कंपनीनंतर थेट 'के' येते.