परवानगीचा प्रश्न वेगळा, चित्राचा वेगळा (सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

सर, तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत म्हणून दोन ओळींत 'धन्यवाद' टाकून मोकळा होत नाही, नीट उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ग्राफिटी म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीवर चोरून केलेली गिचमीड, त्यात ना ड्रॉइंग ना रियाज, ज्याच्या हातात खरंच कला आहे तो कागद घेऊन बसेल. आणि शेवटी विचारलंय की तुमच्या घराच्या भिंतीवर कोणी रात्री येऊन फवारलं तर चालेल का.

नाही चालणार. कोणाच्या दुकानाच्या शटरवर, देवळाच्या दगडावर तर अजिबात नाही. पण हा परवानगीचा प्रश्न झाला, चित्र चांगलं की वाईट ते त्यावरून ठरत नाही. रीतसर टेंडर काढून रंगवलेल्या पुलाखालच्या भिंती आपण रोज बघतो, त्यातल्या कितीतरी बघवत नाहीत.

आणि परवानगीवरच बोलायचं तर न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्झचं काय झालं ते बघा. क्वीन्समधल्या लाँग आयलंड सिटीतली कारखान्याची जुनी इमारत, मालक जेरी वोल्कॉफ, त्याच्याच परवानगीने कलाकार तिथे रंगवायचे आणि 2002 पासून जोनाथन कोहेन, म्हणजे ग्राफिटीवाल्यांचा 'मेरेस वन', कोणाला कुठली भिंत द्यायची, कुठलं चित्र बरेच दिवस ठेवायचं, कुठली भिंत सारखी बदलती ठेवायची हे सगळं बघायचा. सात नंबरच्या ट्रेनमधून ते लांबूनच दिसायचं. मग मालकाला तिथे टॉवर बांधायचे होते, कलाकार कोर्टात गेले, पाडकाम थांबवायचा आदेश त्यांना मिळाला नाही, आणि कोर्टाचा सविस्तर निकाल हातात यायच्या आत नोव्हेंबर 2013 मध्ये मालकाने रातोरात सगळ्यावर पांढरा रंग मारून टाकला! पाडकाम 2014 मध्ये झालं, म्हणजे एवढी घाई कशाला? इथे रात्री येऊन रंग फासणारा कोण होता, सर?

2018 मध्ये न्यायाधीश फ्रेडरिक ब्लॉक यांनी 21 कलाकारांना 45 चित्रांसाठी, दर चित्रामागे दीड लाख डॉलर, म्हणजे एकूण साडेसदुसष्ट लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. अमेरिकेत 1990 चा कायदा आहे, मान्यता मिळालेली कलाकृती मालकालाही मनाला येईल तशी नष्ट करता येत नाही. 2020 मध्ये अपिलातही निकाल टिकला, आणि चित्र कायम राहणारं नव्हतं म्हणून त्याचं मोल कमी होत नाही असंही कोर्टाने म्हटलं. आपल्याकडेही विज्ञान भवनातून काढलेल्या भित्तिशिल्पासाठी अमरनाथ सेहगल वर्षानुवर्षं लढले आणि 2005 मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ते सरकारनेच बनवून घेतलेलं काम होतं हे खरं, पण भिंत ज्याची त्याचंच त्यावरचं सगळं, असं आपलाही कायदा म्हणत नाही.

आता रियाज. तुम्ही इतकी वर्षं मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलंत, अक्षरलेखन शिकवलंत, म्हणून हे तुम्हालाच सांगावंसं वाटतं. ग्राफिटी मुळात अक्षरांची कला आहे, ही मंडळी स्वतःला रायटर म्हणवतात. टॅग म्हणजे एका दमात केलेली सही, थ्रो-अप म्हणजे झटपट फुगीर अक्षरं, आणि पीस म्हणजे वेळ घेऊन, रंगांची जुळणी ठरवून केलेलं मोठं काम. त्याची स्केचेस आधी ब्लॅकबुकमध्ये, म्हणजे रायटरच्या स्केचबुकात होतात. स्प्रेचा कॅन भिंतीजवळ नेला की रेघ बारीक आणि कडक येते, लांब धरला की मऊ पसरते, हात जरा रेंगाळला की ओघळ आलाच आणि खोडरबर तर नाहीच. वाइल्डस्टाइलमध्ये अक्षरं एकमेकांत अशी गुंतवतात की नवख्याला वाचता येत नाहीत, पण मोडीतलं जुनं दप्तर आपल्याला वाचता आलं नाही तर त्याला आपण गिचमीड म्हणतो का?

सगळे टॅग भारी असतात असं मी म्हणत नाही. बहुतेक टुकारच असतात, आणि हे रायटर लोक आपापसात आपल्यापेक्षा कडक शब्दांत बोलतात, चांगल्या पीसवर फालतू टॅग मारणाऱ्याला तिथे काडीचा मान नसतो. हलकं काय, भारी काय हे त्यांच्यातही ठरतं, ते बघणाऱ्यालाही शिकावं लागतं. तुम्ही सगळं एका ओळीत निकालात काढलंत तेच मला खटकलं.

एक विनंती. न्यूयॉर्कचा ग्राफिटी रायटर डाँडी व्हाइट याने 1980 मध्ये 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' नावाने सबवेचे डबे रंगवले होते, मार्था कूपरने काढलेले त्याचे फोटो नेटवर सापडतील. यार्डात रात्री, अपुऱ्या उजेडात, डब्याला खेटून उभं राहून केलेलं काम आहे, मागे सरून बघायलाही धड जागा नाही. ते बेकायदेशीर होतं, त्याबद्दल तुम्ही जे म्हणाल ते मला मान्य. पण अक्षरांची जाडी शेवटपर्यंत कशी सांभाळलीय, दोन अक्षरांमधली जागा कशी सोडलीय, बाह्यरेषा कुठे थरथरलीय का, हे तुमच्या नजरेने तपासा आणि एखाद्या मुलाचा पेपर तपासल्यासारखे मार्क द्या. कमी दिलेत तर कुठे आणि का कापले तेवढं मात्र लिहा, मला ते खरंच वाचायचंय.