सूर्य लांब गेला म्हणून थंडी पडत नाही

जून संपत आला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. इंदूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवरही तो आला. मजकूर थोडक्यात असा: उद्या पहाटे ५:२७ पासून 'अल्फेलियन' सुरू होतंय, पृथ्वी-सूर्य अंतर ९ कोटी किलोमीटरवरून १५.२ कोटी होणार, म्हणजे ६६ टक्के वाढ. हे डोळ्यांना दिसणार नाही, पण ऑगस्टपर्यंत कधी नव्हे एवढी थंडी पडेल, सर्दी-ताप येईल, जपा. काकूंनी लगेच विचारलं, "नातवाला स्वेटर घालून शाळेत पाठवू का रे?" त्यांची काळजी खरी आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

आधी आकडे. १५.२ कोटी बरोबर आहे, आणि फसगत तिथेच होते, कारण शेजारचे ९ कोटी साफ चूक आहेत. सरासरी अंतर सुमारे १४.९६ कोटी किलोमीटर आहे. मैलांत ते ९.३ कोटी भरतं; मैल-किलोमीटरची गल्लत झाली असावी असं मला वाटतं. शुक्र सूर्यापासून १०.८ कोटी किलोमीटरवर आहे. आपण ९ कोटींवर असतो तर शुक्र आपल्या बाहेरच्या कक्षेत गेला असता आणि कधी ना कधी मध्यरात्री डोक्यावर दिसला असता. शुक्राची चांदणी तर आपण पहाटे पूर्वेला नाहीतर तिन्हीसांजेनंतर पश्चिमेलाच पाहत आलो आहोत.

खरा फरक किती? जानेवारीच्या सुरुवातीला अंतर १४.७१ कोटी असतं, जुलैच्या सुरुवातीला १५.२१ कोटी. सरासरीपेक्षा दीड-पावणेदोन टक्के इकडे किंवा तिकडे, बस. अंगणात एक मीटर व्यासाच्या रांगोळीने पृथ्वीची कक्षा काढली, तर लंबवर्तुळ आणि वर्तुळ यांतला फरक रांगोळीच्या रेघेतच बुडून जाईल. फक्त सूर्य मध्यापासून ८ मिलिमीटर बाजूला मांडावा लागेल.

'पहाटे सुरू होऊन ऑगस्टपर्यंत' हेही खरं नाही. याचं नाव ॲफेलियन, मराठीत अपसूर्य. कक्षेतला तो एक बिंदू आहे. पृथ्वी दरवर्षी ३ ते ६ जुलैच्या सुमारास तो ओलांडते आणि पुन्हा जवळ येऊ लागते. तिथे तिची गती थोडी मंदावते. कॅलेंडरवर मोजून पाहा: २० मार्चपासून २२-२३ सप्टेंबरपर्यंतच्या अर्ध्या फेरीला, जिच्यात अपसूर्य येतो, सुमारे १८६ दिवस लागतात, उरलेल्या अर्ध्या फेरीला १७९.

आता थंडीचं. अंतरामुळे थंडी पडत असती तर आपण सूर्याच्या सर्वांत जवळ असतो त्या जानेवारीत इंदूरला रजया निघाल्याच नसत्या. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष २३.४ अंशांनी कललेला आहे म्हणून. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला इंदुरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४४ अंश वर चढतो आणि दिवस पावणेअकरा तासांचा असतो. जूनमध्ये तोच सूर्य माथ्यावर येतो, दिवस साडेतेरा तासांचा होतो. तिरपं ऊन जास्त जमिनीवर पसरतं, सरळ ऊन एकवटतं. इतकं साधं आहे हे, आणि शाळेत शिकूनही आपण विसरतो याचं मला वाईट वाटतं.

जुलैत हवा गार होते हे खरं, पण ती ढगांनी आणि पावसाने. त्या दिवसांत सर्दी-खोकला वाढतो तो ओल आणि एकमेकांकडून लागणारे विषाणू यांमुळे. अपसूर्य दरवर्षीच येतो, त्यासाठी वेगळं औषध नको. काकू, छत्री द्या, स्वेटर राहू द्या.

आणि 'दिसणार नाही' म्हणे! इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला, २२.७ अंशांवर आहे. त्यामुळे सूर्य इथे वर्षातून दोनदा अगदी माथ्यावर येतो, ६-७ जूनच्या आसपास आणि ५-६ जुलैच्या आसपास. म्हणजे सूर्य सर्वांत लांब असतो, जवळजवळ त्याच दिवसांत तो इंदूरकरांच्या नेमका डोक्यावर असतो. जुलैत ढग असण्याचाच संभव जास्त, म्हणून जूनची तारीख धरा. दुपारी साडेबाराच्या पाच-दहा मिनिटं आधी गच्चीवर सपाट जागी स्टीलचा उभट डबा ठेवा आणि नातवाला त्याची सावली शोधायला सांगा.