ओपीजीच्या फोटोत जबड्याची गादी दिसत नाही

गेल्या आठवड्यात राजारामपुरीतून आत्याचा फोन आला. "अरे, माझ्या जबड्यातली गादी सरकलीय. मशीननंच सांगितलंय की!" ऊस खाताना उजव्या कानापुढं कळ आली, तेव्हापासून ती भाकरी दुधात कुस्करून खाते. त्यात भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला: 'जबडा वाजतो? दातांच्या एक्स-रेचा फोटो ॲपवर टाका, एआय 30 सेकंदांत अचूक निदान देईल. डॉक्टरांची गरज नाही. जबडा वाजणं म्हणजे सांधा झिजणं. लगेच दात तासून वरखालच्या दातांचा चावा जुळवून घ्या.' तिनं ओपीजीची, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या एक्स-रेची, जुनी फिल्म खिडकीच्या काचेला धरली, मोबाइलवर फोटो काढला आणि टाकला. मी दातांचा डॉक्टर आहे आणि हा मेसेज आता पेशंटही मला दाखवू लागलेत. म्हणून लिहितोय.

आधी ती गादी. कानापुढं बोट ठेवून तोंड उघडा, बोटाखाली हाड हलेल. ते हाड आणि कवटीतली खोबण यांच्यामध्ये एक पातळ चकती असते, तीच गादी. ती हाडाची नसते. ओपीजी हा एक्स-रे. त्यात हाड आणि दात दिसतात, गादी दिसतच नाही. ती बघायला एमआरआय लागतो. हाडाच्या आकारावरून सॉफ्टवेअर फार तर अंदाज बांधेल, पण आत्याच्या हातात तो पक्कं निदान म्हणून पडला. तोही दोन वर्षांपूर्वीच्या फिल्मवरून, आणि दुखणं तीन आठवड्यांचं!

'डॉक्टरांची गरज नाही' हे तर साफ खोटं. या दुखण्याचे जगभर वापरले जाणारे निकष, डीसी/टीएमडी, 2014 साली प्रसिद्ध झाले. त्यांची सुरुवात प्रश्नांनी आणि हातानं तपासण्यानं होते: कुठं दुखतं, तोंड किती उघडतं, स्नायू दाबल्यावर नेहमीचीच कळ येते का. स्नायूच्या दुखण्याचं निदान एवढ्यावरच होतं, फोटो लागत नाही. सरकलेल्या गादीची खात्री एमआरआयनं, झिजलेल्या हाडाची सीटीनं. शिवाय काहीही दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले, तर साधारण तिघांत एकाची गादी सरकलेली सापडते. मग नुसत्या चित्रावरून ठरवायचं काय?

आत्याला खुर्चीत बसवलं. तोंड 34 मिलिमीटर उघडत होतं; 40 च्या आसपास उघडायला हवं. गालाचा चावण्याचा स्नायू दाबला, तशी ती डोकं मागं घेत म्हणाली, "हीच, हीच ती कळ!" दुखणं स्नायूचं होतं.

एक मान्य करतो. सीबीसीटीत, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय सीटीत, हाडाची झीज हेरणं, एमआरआयमध्ये गादीची जागा आखणं यावर गांभीर्यानं संशोधन चाललंय, आणि रेडिओलॉजिस्टला असा दुसरा डोळा उपयोगी पडेलही. पण रेडिओलॉजिस्टला, खिडकीपाशी उभ्या आत्याला नव्हे.

जबडा नुसता वाजतो, दुखत नाही, अडकत नाही? मग उपचार लागत नाहीत.

दात तासण्याच्या सल्ल्याचा मात्र मला संताप येतो. तासलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, परत येत नाही आणि चावा जुळवून हे दुखणं बरं होतं, याला भक्कम पुरावा नाही. आणि जबड्यातल्या कळेसोबत छातीत दडपण, घाम असेल तर ते हृदयाचं असू शकतं. ॲप उघडू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आत्यानं दाढा तासून घ्यायला सोमवारची वेळ घेतली होती, ती रद्द करायला लावली. मऊ जेवण, गरम कापडाचा शेक आणि हलके व्यायाम सुरू आहेत. काल पुन्हा मोजलं, 37 भरलं.