पोरगी एवढे उपास का करतेय?

आपल्याकडे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने उपास धरला की घरात कौतुकच कौतुक, आजी तर फोन करकरून सगळ्यांना सांगते. नात्यातली एक नववीतली मुलगी अशीच मंगळवार, गुरुवार, शनिवार करायला लागली. पण खिचडीला हात लावेना, वेफर्स नकोत, शेंगदाण्याचा लाडू नको, दिवसभर नुसतं ताक आणि अर्धं सफरचंद! आपण सगळे एकादशी अन् दुप्पट खाशी वाले, म्हणून मला ते खटकलंच. आई म्हणायची, देवाचं वेड आहे हो तिला. मग पाळी बंद झाली, कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले, भर मे महिन्यात स्वेटर घालून बसायची, तेव्हा कुठे डॉक्टर गाठले. देवाचं वेड कसलं, बारीक होण्यापायी जेवण टाळायचा आजार तो, ईटिंग डिसऑर्डर म्हणतात त्याला.

पाळी सुरू व्हायच्या आसपास मुलींचं अंग भरतं, भरायलाच हवं, शरीराला त्या चरबीची गरज असते. आणि नेमकं तेव्हाच हळदीकुंकवात एखादी काकू सगळ्यांदेखत म्हणणार, अगं बाई, केवढी सुटलीस! (काकूंच्या स्वतःच्या ताटात तेव्हा तिसरी जिलबी असते, ते जाऊ दे.)

सगळे इन्स्टाला शिव्या घालतात. घाला, 2021 मध्ये इन्स्टाची मालक कंपनी फेसबुक, तिचेच आतले कागद बाहेर आले, त्यात त्यांनीच लिहिलं होतं की दर तीनातल्या एका टीनएजर मुलीची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी इन्स्टामुळे वाढते. पॅसिफिकमधल्या फिजी बेटांवर तर चांगलं धष्टपुष्ट अंग म्हणजे कौतुकाची गोष्ट, तिथल्या एका भागात 1995 ला टीव्ही आला आणि 1998 पर्यंत शाळकरी मुलींमधल्या 11 टक्के सांगायला लागल्या की वजनासाठी आम्ही उलट्या काढतो, आधी एकही नव्हती. पण त्यांना निदान टीव्हीने तरी शिकवलं, आपण कित्येक वर्षं स्थळांच्या जाहिरातीत 'गोरी, सडपातळ' छापतोय, रील्स कालच्या.

मुलांचंही आहेच बरं का, दहावीतला पोरगा भात-पोळी सोडून प्रोटीन पावडरचे डबे रिचवतो आणि बाबा खूश, जिम करतोय म्हणून.

आणि वजन नॉर्मल दिसतंय म्हणून निवांत राहू नका, खाऊन उलटी काढणाऱ्या मुली बऱ्याचदा बारीक नसतातच. जेवण झालं की लगेच बाथरूम, आत नळ सोडलेला, असं रोज होत असेल तर आरडाओरडा न करता आधी बालरोगतज्ज्ञ आणि सोबत मानसोपचारतज्ज्ञ गाठा. कुठे विचारायचं कळत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात.